अक्षरामागे साडेचार रुपये

नगरपंचायतीने मला चाळीस शब्द दिले.
म्हणाले, पेंटर, यात बसवा:
घंटा कुठली, कुणी ओतली, कधी आली,
आणि शेवटी, ठळक, हात लावू नये.
दर अक्षरामागे साडेचार रुपये.
जोडाक्षर एकच धरायचं, क्लार्कने बजावलं,
म्हणजे 'ख्रिस्ती' लिहिण्यात माझा तोटा.

घंटा तेव्हा गोणपाटावर पालथी होती
रसवंती आणि रिक्षा स्टँडच्या मधे,
चौथऱ्याचं सिमेंट ओलं म्हणून.
चर्चमध्ये आता स्पीकर आहे.
कमरेएवढी उंच, खांद्यापाशी कोरलेली वेल,
वेलीखाली एक, आठ, चार,
आणि चौथ्या आकड्याच्या जागी नुसता हिरवा कळंक.
कमिटीने एकमताने सहा ठरवला.
गावाच्या चौकात चर्चची घंटा कशाला,
असंही एकाने विचारलं सभेत.
कुणी बोललं नाही. विचारणारा शाळेत असताना
हिच्याच टोल्यावर पेज खाऊन निघायचा.

तडा कसा गेला, हे विचारत दोन दिवस फिरलो.
फादर नवे, बदलीवर आलेले. त्यांनी जुनी वही काढली,
नेमकी ती पानं वाळवीने खाल्लेली.
दाऊद सोलकर म्हणाला, तुफानाच्या रात्री
होड्यांना खाडीचं तोंड कळावं म्हणून
पहाटेपर्यंत वाजवली, तेव्हा फुटली.
माझा आजा त्या आवाजावर घरी आला.
आजा शिंपी होता, बायको आतून म्हणाली,
होडीत पाय ठेवला नाही कधी.

आपलीन बावतीस नव्वदीची. तिचा बाप इनास
ही घंटा ओढायचा, महिना बारा रुपये
आणि नाताळाला एक सदऱ्याचं कापड.
"तुफान नाय नि काय नाय," ती म्हणाली.
"दोरी तुटली, नवी कोण देयना.
पपान हातोडो घेतल्यान नि बडवल्यान. थंयच चिरली.
दुसऱ्या दिशी पपाक काढून टाकल्यानी."
मग दाराकडे हनुवटीने खूण केली.
घंटेची जीभ तिथे होती, काळीभोर,
सत्तर वर्षं दाराला टेकण म्हणून.
"ह्यो मात्र नेव नको. दार वाऱ्यान आपटता."

चाळीस शब्दांत यातलं काही बसलं नाही.
मी लिहिलं: पुरातन घंटा, गावाचा अभिमान,
आणि तो सहा.

घंटा चढली तशी उद्घाटनाआधीच
रजनी कुबलने चौथऱ्यावर टोपली टेकली,
मानेचा घाम पदराने पुसला.
बरोब्बर उंची साधलीत, मला म्हणाली,
जसा काही तो मीच बांधला.
दुसऱ्या दिवशी तिथे पाच टोपल्या,
सौंदाळे, बांगडे, आणि बर्फाचं पाणी
कमिटीच्या संगमरवरावरून ओघळत.

शेवटची ओळ राहिली होती.
मी डावा हात टेकल्याशिवाय लिहू शकत नाही,
भिंत असो, ट्रकचं फाळकं असो, देवाची पालखी असो.
घंटेवर टेकला.
इतक्यात सावंतवाडीची गाडी मागे येऊन लागली.
ड्रायव्हर इंजिन चालूच ठेवून चहाला गेला,
आणि माझ्या तळव्याखाली
ती बोलायला लागली.
बोलायला नाही, गुणगुणायला, तेही बारीक,
दाढ दुखताना माणूस कण्हतो तसं.
जीभ नाही, दोरी नाही.
तड्यात आवाज अडकत होता, माशी अडकावी तसा.
रजनीला काही ऐकू आलं नाही. ती पैसे मोजत होती.
मनगटापासून कोपरापर्यंत मला मुंग्या.
गाडी गेली, आणि पितळ पुन्हा पितळ झालं.

हात लावू नये.
सहा अक्षरं, सत्तावीस रुपये.
बाकीचा बोर्ड ऑइल पेंटचा, दोन कोट, वर वॉर्निश.
ही एक ओळ मी साध्या डिस्टेंपरने लिहिली,
लाल, ठळक, सांगितली तशी.
बिलात सगळं ऑइल पेंट लावलं.
जूनपर्यंत टिकेल.